सीडी४ राहू द्या, आधी सीडी१९ची ओळ वाचा

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची आहे. बारा वर्षांपासून आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस. रोज सकाळी प्रेडनिसोलोन १० मिग्रॅ. घेते. गोळ्यांनी भागेना म्हणून रिटुक्सिमॅबच्या तीन फेऱ्या झाल्या, शेवटची दहा महिन्यांपूर्वी. गेल्या आठ महिन्यांत तिला दोनदा न्यूमोनिया आणि एकदा सायनसचा जोरदार संसर्ग झाला, म्हणून डॉक्टरांनी लिम्फोसाइट सबसेट (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची गणती) ही तपासणी सांगितली. रक्त सकाळी साडेअकराला, गोळी घेतल्यानंतर दिलं. रिपोर्ट असा : पांढऱ्या पेशी ७,२००, लिम्फोसाइट १६ टक्के (१,१५२). सीडी३ ७७ टक्के (८८७), सीडी४ ३८ टक्के (४३८), सीडी८ ३७ टक्के (४२६), सीडी१९ १ टक्का (१२), सीडी१६/५६ २१ टक्के (२४२). सीडी४च्या पुढे लाल बाण पाहून घरात रडारड झाली. एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आहे, तरी एक नातेवाईक म्हणतात, "सीडी४ कमी म्हणजे तेच, टेस्ट चुकली असेल." दुसरे इम्युनिटी वाढवणारी पावडर घेऊन आले. नेटवर फ्लो सायटोमेट्री ही ब्लड कॅन्सरची तपासणी असल्याचं वाचलं. दुसऱ्या लॅबमधून पुन्हा करून घेऊ का? आणि घरात माझं तीन महिन्यांचं बाळ आहे, त्याच्या लसीकरणाचा आईला धोका आहे का?

उत्तर : तुमच्या घरात सगळ्यांनी पाहिला सीडी४चा लाल बाण आणि आईच्या न्यूमोनियाचं उत्तर बहुधा त्याच्या दोन ओळी खाली आहे. सीडी१९ : १ टक्का, १२ पेशी. सीडी१९ ही अँटिबॉडी बनवणाऱ्या घराण्यातल्या बी पेशींची खूण. मोठ्या माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरमध्ये या पेशी साधारण १०० ते ५०० असतात. त्यांची गणती जवळजवळ शून्यावर आली आहे आणि हे रिटुक्सिमॅबचंच काम आहे. औषध त्यासाठीच दिलं होतं.

आधी या आकड्यांच्या नावांचा उलगडा करू, कारण अर्धी भीती नावांमुळे आहे. १९७५ साली क्योलर आणि मिल्स्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच साच्याची अँटिबॉडी हवी तितकी तयार करण्याची रीत काढली. त्यानंतर जो तो आपापली अँटिबॉडी पेशींवर लावून बघू लागला, आणि पेशीच्या आवरणावरच्या एकाच प्रथिनाला चार ठिकाणी चार नावं पडली. आज ज्याला सीडी४ म्हणतात तेच कुणाचं ओकेटी४ होतं, कुणाचं ल्यू-३. १९८२ साली पॅरिसमध्ये बैठक भरली आणि सगळ्यांना एकाच वहीत नंबर देण्याचं ठरलं. सीडी म्हणजे 'क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन'. सीडी१९ हा सीडी४पेक्षा मोठाही नाही आणि वाईटही नाही, वहीत त्याची नोंद नंतर झाली इतकंच.

पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर टी आणि बी हे लिम्फोसाइटचे दोन प्रकार सारखेच दिसतात : गोल, मोठं केंद्रक, भोवती जेमतेम कड. फरक आवरणावरच्या प्रथिनांत असतो, आणि ती प्रथिनं काही नुसत्या ओळखीसाठी लावलेली नसतात. सीडी३ हे टी पेशीच्या ग्राहकाला (रिसेप्टर, म्हणजे जंतू ओळखणारं प्रथिन) जोडलेलं असतं. ग्राहकाला काही सापडलं की आत निरोप तेच पोहोचवतं. सीडी४ हा ज्या पेशी इतरांना हुकूम देतात, त्यांच्या पकडीला आधार देतो. सीडी८ हा विषाणू शिरलेल्या पेशीला मारणाऱ्यांच्या पकडीला. सीडी१९ बी पेशीची संवेदनशीलता वाढवतो, म्हणजे थोड्याशा जंतूनेही तिला जाग येते. सीडी१६ हा अँटिबॉडी चिकटलेली पेशी पकडायचा हात आहे, आणि तो असतो नॅचरल किलर पेशींवर. म्हणून 'सीडी१९ कमी' याचा अर्थ एखादं रसायन घटलं असा होत नाही. अँटिबॉडी बनवणाऱ्या घराण्यातल्या पेशीच कमी आहेत.

रिटुक्सिमॅब सीडी२० या प्रथिनाला चिकटतं आणि ते ज्या पेशीवर आहे ती पेशी मारली जाते. सीडी२० बी पेशीच्या अधल्यामधल्या वयातच असतो. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशीवर तो नसतो आणि बी पेशीची शेवटची अवस्था जी प्लाझ्मा पेशी, जी खरोखर अँटिबॉडी स्रवते, तिच्यावरही नसतो. म्हणूनच औषधानंतर पुन्हा बी पेशी उगवू शकतात आणि जुन्या अँटिबॉडी लगेच संपत नाहीत. पण फेऱ्या वाढत गेल्या की प्लाझ्मा पेशींच्या जागी नवी भरती होत नाही आणि साठा हळूहळू उतरतो. तीन फेऱ्यांनंतर दोन न्यूमोनिया हा क्रम मला याच दिशेचा वाटतो. (सीडी२० न मोजता सीडी१९ का मोजतात, असं कुणी विचारलं तर : औषध सीडी२०वर बसलेलं असलं की लॅबच्या अँटिबॉडीला तिथे जागाच मिळत नाही. पेशी असूनही नाही असं दिसेल.)

एका फेरीनंतर बी पेशी साधारण ६ ते १२ महिन्यांत परत दिसू लागतात. काहींना याहून जास्त वेळ लागतो. दहाव्या महिन्यात १२ पेशी यात अघटित काही नाही. परत येताना कोऱ्या पेशी आधी येतात. जुन्या जंतूंची आठवण ठेवणाऱ्या, सीडी२७ हा बिल्ला असलेल्या पेशी बऱ्याच मागून. त्यामुळे सीडी१९चा आकडा सुधारला म्हणजे बचाव सुधारला असं समजून चालू नका. आकडा मोजतो पेशी, त्यांचं काम मोजत नाही.

काम मोजायचं असेल तर तपासणी वेगळी, आणि हीच तुम्ही लगेच करून घ्यायला हवी : रक्तातलं आयजीजी, आयजीए आणि आयजीएम, म्हणजे अँटिबॉडींचे (इम्युनोग्लोब्युलिनचे) तीन प्रकार. मोठ्यांमध्ये आयजीजी साधारण ७०० ते १,६०० मिग्रॅ. प्रति डेसिलिटर असतं. रिटुक्सिमॅबनंतर बहुतेक वेळा आधी आयजीएम उतरतं. त्याने फार बिघडत नाही. आयजीजी ४००च्या खाली आणि वर असे वारंवार संसर्ग, ही जोडी दिसली तर इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देण्याचा विचार करतात. मात्रा सहसा दर किलो वजनामागे ४०० ते ६०० मिग्रॅ., दर ३-४ आठवड्यांनी. मधल्या पट्ट्यात, म्हणजे ४०० ते ७००मध्ये, निर्णय एवढा सरळ नसतो. तिथे लस देऊन ४ ते ८ आठवड्यांनी तिच्या विरुद्धची अँटिबॉडी वाढली का ते पाहतात. ही अँटिबॉडी लस देण्याआधीही मोजावी लागते. हे बऱ्याच वेळा विसरलं जातं आणि मग नंतरचा आकडा कशाशी ताडून पाहायचा हेच कळत नाही.

तोवर एक घरगुती हिशेब करून बघा. आईचे लिव्हरचे जुने रिपोर्ट काढा. त्यात टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन हे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा करा. उरतं ते ग्लोब्युलिन, आणि आयजीजी त्याचाच मोठा हिस्सा. उदाहरणार्थ ६.१ वजा ४.३ बरोबर १.८. ही वजाबाकी २च्या खाली असेल, किंवा दर वर्षी उतरत आलेली दिसत असेल, तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. याने निदान होत नाही, पण उतार कधी सुरू झाला ते कळतं. रिटुक्सिमॅब सुरू करण्याआधी आयजीजी आणि हिपॅटायटिस बी तपासलेलं असायला हवं. ते रिपोर्टही त्याच फायलीत शोधा. हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या लागतात, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी. नुसती पहिली केली असेल तर दुसरीबद्दल विचारा, कारण दडून बसलेला हा विषाणू बी पेशी गेल्यावर उठू शकतो.

आता तो लाल बाण. सीडी४ ४३८. मोठ्यांमधला नेहमीचा पट्टा साधारण ५०० ते १,५००, म्हणून यंत्राने बाण छापला. पण रक्त घेतलं साडेअकराला, प्रेडनिसोलोन पोटात गेल्यावर. स्टेरॉइडची मात्रा घेतली की लिम्फोसाइट रक्तातून निघून अस्थिमज्जेत आणि इतर ऊतींत जाऊन बसतात. ही घट ४ ते ६ तासांनी सर्वांत खोल असते आणि दिवसभरात भरून येते. सीडी८पेक्षा सीडी४वर तिचा परिणाम जास्त. शिवाय गोळी नसली तरी सीडी४चा रोजचा तळ उशिरा सकाळी ते दुपारच्या सुमारास असतो आणि माथा रात्री. म्हणजे दोन्ही ओहोट्या एकत्र आल्या त्या वेळी सुई टोचली गेली. या पार्श्वभूमीवर ४३८ आकड्याने मला तरी दचकायला झालं नाही. टक्केवारी बघा : ३८. टक्का अशा चढउतारात कमी हलतो, आणि ३८ हा नेहमीचाच आकडा आहे. एचआयव्ही नसताना सीडी४ कमी होण्याचा एक दुर्मीळ आजार आहे, पण त्याची अट ३००च्या खाली किंवा २० टक्क्यांच्या खाली, तेही दोनदा, आणि औषधासारखं दुसरं कारण नसताना, अशी आहे. तुमची आई यातली एकही अट पुरी करत नाही. सीडी४-सीडी८चं प्रमाण १.०३ आलं असेल. ते १च्या जरा खाली गेलं तरी एकट्या त्याच्यावरून काही ठरत नाही. आयुष्यात कधीतरी झालेला सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्गही सीडी८ वाढवून हे प्रमाण उतरवतो.

नातेवाइकांना सांगा, सीडी४ मोजून एचआयव्हीचं निदान होत नाही. तो आकडा निदान झालेल्या माणसाची स्थिती बघायला वापरतात. त्यांच्या म्हणण्यात एक कण मात्र खरा आहे : अँटिबॉडी शोधणाऱ्या तपासण्या, ज्याच्यात अँटिबॉडीच कमी बनतात, त्याच्यात फसू शकतात. म्हणून आयजीजी खूपच कमी निघालं तर विषाणूचा आरएनए शोधणारी तपासणी एकदा करून विषय बंद करता येतो. उलट फसवणूकही होते. इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन लागल्यावर कितीतरी अँटिबॉडी-तपासण्या पॉझिटिव्ह येतात, कारण त्या अँटिबॉडी देणाऱ्यांच्या असतात. तेव्हा ज्या तपासण्या करायच्या आहेत त्या सलाइनच्या आधी करा.

दुसऱ्या लॅबमध्ये जाऊ का? नको. तुमचा रिपोर्ट आतून जुळतो, आणि हे पडताळायला डॉक्टर लागत नाही. रक्तातली प्रत्येक लिम्फोसाइट टी, बी किंवा एनके (नॅचरल किलर) यांपैकी कुठलीतरी असायला हवी. म्हणून सीडी३, सीडी१९ आणि सीडी१६/५६ यांची बेरीज १००च्या आसपास, ९५ ते १०५मध्ये, यायला हवी. तुमची ७७ + १ + २१ = ९९. तसंच सीडी४ आणि सीडी८ मिळून सीडी३च्या जवळ : ३८ + ३७ = ७५, सीडी३ ७७. उरलेल्या दोन टक्क्यांत दोन्ही बिल्ले नसलेल्या टी पेशी असतात. त्या असतातच. बेरीज ८८ आली असती तर लाल पेशी नीट फुटल्या नाहीत आणि त्यांचे तुकडे लिम्फोसाइटमध्ये मोजले गेले असा संशय घेतला असता. यासाठीच सीडी४५ वापरतात : लिम्फोसाइटवर तो भरपूर, लाल पेशींवर आणि कचऱ्यावर नाही.

टेबलावर काय होतं ते बघितलं तर आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा ते कळेल. मण्यांच्या पद्धतीत मोजक्या संख्येने चमकणारे मणी असलेल्या नळीत ५० मायक्रोलिटर रक्त आणि २० मायक्रोलिटर अँटिबॉडींचं मिश्रण घालतात. प्रत्येक अँटिबॉडीला वेगळा रंग जोडलेला असतो. अंधारात १५ मिनिटं. मग लाल पेशी फोडणारं द्रावण ४५० मायक्रोलिटर, पुन्हा १५ मिनिटं, आणि नळी यंत्राला. पेशी एकेक करून लेझरपुढून जातात, रंग चमकतात, आणि किती मण्यांमागे किती पेशी गेल्या यावरून गणती निघते. हीच फ्लो सायटोमेट्री. यात सगळं पिपेटवर आहे : ५०ऐवजी ४५ मायक्रोलिटर पडलं की प्रत्येक आकडा १० टक्क्यांनी खाली. मणी नसतील तर टक्का एका यंत्राचा आणि लिम्फोसाइटची संख्या दुसऱ्या यंत्राची घेऊन गुणाकार करतात. तुमचे आकडे तसे निघाले आहेत. सीबीसीच्या (नेहमीच्या रक्तगणतीच्या) यंत्राने लिम्फोसाइट १६ऐवजी १४ टक्के दाखवले असते तर ७,२००च्या हिशेबाने ते १,००८ झाले असते आणि सीडी४ ३८३. आईच्या शरीरात काहीही न बदलता ५५ पेशी गायब! दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून घाबरणं म्हणूनच व्यर्थ आहे.

सीडी१९च्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट. यंत्राने समजा २,५०० लिम्फोसाइट मोजले. त्यातला एक टक्का म्हणजे २५ पेशी. पंचवीस मोजताना नुसत्या योगायोगाने पाचाएक इकडेतिकडे होतात, म्हणजे २० टक्के. पुढच्या वेळी १ऐवजी १.३ टक्के आले तर "वाढले" म्हणून पेढे वाटू नका.

पुन्हा करायची वेळ येईल ती दोन-तीन महिन्यांनी, किंवा पुढच्या फेरीचा विषय निघाल्यावर. त्याच लॅबमध्ये, सकाळी आठ-साडेआठला, प्रेडनिसोलोनच्या आधी. गोळी बंद करायची नाही, एक दिवसही नाही. फक्त सुई टोचल्यावर घ्यायची. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी रक्त घेतल्या घेतल्या ८-१० वेळा हलक्या हाताने उलटसुलट करतात ना, ते पाहा. बारीकशी गुठळी झाली तरी पेशी तिच्यात अडकतात. नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नसतो, १८ ते २५ अंशांत ठेवायचा, आणि शक्य तर २४ तासांत, फार तर ४८ तासांत लावायचा. म्हणून घरी येऊन रक्त नेणार असतील तर ते कधी लावणार हे विचारा, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी देऊ नका.

कॅन्सरची शंका दोन वाक्यांत. यंत्र तेच, पण ब्लड कॅन्सरसाठी अँटिबॉडींचा संच वेगळा असतो आणि तिथे गणतीपेक्षा विचित्र जोड्या शोधतात. उदाहरणार्थ क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात बी पेशीवर सीडी१९सोबत एरवी टी पेशीवर असणारा सीडी५ सापडतो, आणि एकाच साच्यातल्या अशा पेशी मायक्रोलिटरला ५,०००च्या वर, तीन महिने टिकून असाव्या लागतात. तुमच्या आईकडे बी पेशीच १२ आहेत.

पावडर परत द्या. बी पेशी अस्थिमज्जेतून औषधाचा असर उतरल्यावर आपल्या गतीने येतात. त्यांना घाई करायला लावणारी पावडर नाही. शिवाय आमवात म्हणजे प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटलेली, तिला आंधळेपणाने "वाढवा" म्हणण्यात काय अर्थ?

डॉक्टरांशी बोलायच्या गोष्टी अशा. आयजीजी येईपर्यंत रिटुक्सिमॅबची पुढची फेरी थांबवायची का. दोन न्यूमोनिया झाले म्हणून छातीचा सीटी स्कॅन करून श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या आहेत का हे पाहायचं का. तसं असेल तर संसर्ग तिथेच पुन्हा पुन्हा घर करतो आणि नुसतं आयजीजी भरून भागत नाही. आणि लशी : फ्लूची लस हंगाम आला की घ्यायची, वाट पाहायची नाही. न्यूमोकोकसची लस पुढच्या फेरीच्या किमान २ ते ४ आठवडे आधी बसवली तर उपयोगाची शक्यता जास्त. जिवंत विषाणूंच्या लशी आईला सध्या नकोत. ताप ३८ अंशांवर गेला, धाप लागली किंवा कफाचा रंग बदलला तर त्याच दिवशी दाखवा. स्टेरॉइड ताप दाबतं, त्यामुळे ३७.५ला "किरकोळ आहे" म्हणून दोन दिवस काढू नका.

बाळाच्या लशी मुळीच थांबवू नका. घरात संसर्ग आणणारा सगळ्यात लहान सदस्य तोच आहे, आणि त्याच्या लशी आईचीही ढाल आहेत. अपवाद एकाच लशीचा : तोंडावाटे देण्याची पोलिओ लस. तिच्यातला जिवंत विषाणू बाळाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडतो आणि बी पेशी नसलेल्या माणसाच्या आतड्यात तो दीर्घकाळ मुक्काम ठोकू शकतो. बाळाच्या डॉक्टरांना घरातली परिस्थिती सांगा, म्हणजे ते इंजेक्शनच्या पोलिओ लशीचा विचार करतील. रोटाव्हायरसची लस चालते. तीही तोंडावाटेच असते, म्हणून ती दिल्यावर चार आठवडे बाळाचे लंगोट आईने बदलायचे नाहीत. बदलायची वेळ आलीच तर नंतर साबणाने हात स्वच्छ धुवायचे.